एका मोटारसायकलीचा घाटप्रवास

मुंबईहून नाशिकास यावयाचें म्हणजे सह्याद्रीची भिंत चढूनच यावें लागतें, आणि ती चढण्याची मुख्य वाट पूर्वींपासून एकच आहे. तिचें नांव थळ घाट. नव्या पिढीच्या तोंडीं हें नांव फारसें राहिलेलें नाहीं. ती पायथ्याच्या स्टेशनावरून याला कसारा घाट म्हणते. शूर्पारक म्हणजे आजचें नालासोपारें. त्या बंदरांत उतरलेला माल याच अंगानें वर चढून गोवर्धनास, म्हणजे नाशिकच्या परिसरांत, येत असे असें इतिहासज्ञ मानतात. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात याचा सुमारें एकोणीसशें वर्षांपूर्वींचा लेख आहे. त्यांत त्याच्या दानांची मोठी यादी दिली आहे. गाई, सोनें, गांवें हीं तर सर्वच दाते देतात. परंतु या गृहस्थानें भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन व शूर्पारक या चार ठिकाणीं वाटसरूंसाठीं धर्मशाळा बांधल्या आणि दमणगंगा, तापी वगैरे नद्यांवर पैसे न घेतां लोकांना पार करणाऱ्या नावा ठेवल्या, असेंही त्यांत नमूद आहे. प्रवासांत माणसाचा जीव कोठें टांगणीस लागतो हें त्याला चांगलें ठाऊक असावें. (लेखाची भाषा अर्धी संस्कृत व अर्धी प्राकृत अशी आहे. आमच्या एखाद्या विद्यार्थ्यानें ती तशी लिहिली असती तर आम्हीं तिच्यावर तांबड्या शाईचा सडा घातला असता.)

या मार्गानें आमचें जाणेंयेणें लहानपणापासूनचें आहे. कधीं आगगाडीनें, कधीं एस. टी.नें. परंतु यंदाच्या पौषांत ज्या रीतीनें आम्ही आलों त्या रीतीनें पूर्वीं कधींही आलों नव्हतों. आमच्या जीपमागें दोन चाकांचा एक ट्रेलर जोडलेला होता, आणि त्यावर उत्सवमूर्ति पालखींत बसवावी अशा बेतानें एक मोटारसायकल उभी करून बांधलेली होती.

ही मोटारसायकल आमच्या कैलासवासी ज्येष्ठ बंधूंची. जातीची येझदी रोडकिंग, अडीचशें सी. सी.ची, दोन धुरांड्यांची. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यांत १९६१ पासून १९९६ पर्यंत या घराण्याच्या गाड्या होत असत. मूळ बीज झेकोस्लोव्हाकियांतील जावा कंपनीचें. हिची एक लकब तिच्या सर्व चाहत्यांच्या परिचयाची आहे. इतर गाड्यांत किक निराळी आणि गियरची दांडी निराळी; येथें एकच दांडी फिरवून उभी केली कीं किक होते आणि पुन्हां आडवी पाडली कीं गियर. दादा म्हणत, "संसारांत असाच एकेक माणूस असतो, घर चालूं करणाराही तोच आणि वेग बदलणाराही तोच." हें म्हणतांना ते वहिनींकडे पाहत.

दादांचें बिऱ्हाड दादरास. दरसाल चैत्रांत काळारामाच्या रथोत्सवाकरितां ते याच गाडीवरून घाट चढून पंचवटींत येत. पहाटे निघून दुपारच्या पानाला हजर. गेलीं अकरा वर्षें ते नाहींत, आणि गाडी चाळीच्या जिन्याखालीं मेणकापड पांघरून उभी होती. आतां ती इमारत पाडून तेथें नवी उठवावयाची ठरली. बिऱ्हाडकरूंना जागा रिकामी करण्याची तारीख मिळाली. भंगारवाला येऊन गाडीची किंमत वजनावर सांगून गेला. वहिनींनीं त्याला पाणी दिलें आणि वाटेस लावलें. नंतर आम्हांस दूरध्वनि करून एवढेंच म्हणाल्या, "भाऊजी, ती नाशिकास न्या. पण जशी देतें तशी पोंचली पाहिजे."

या शेवटच्या वाक्यानें काम अवघड करून ठेवलें. गाडी स्वतःच्या चाकांवर आणणें शक्य नव्हतें. ब्रेक गेलेले, साखळी गंजलेली, विम्याची मुदत संपलेली आणि पंधरा वर्षांनंतर करावयाचें नोंदणीचें नूतनीकरण राहून गेलेलें. अशी गाडी रस्त्यावर काढणें कायद्यालाही मंजूर नाहीं आणि शहाणपणालाही नाहीं. आगगाडीच्या पार्सल-कचेरींतून ती धाडतां आली असती. त्यासाठीं टाकींतील पेट्रोल काढून टाकावें लागतें, नोंदणीच्या पुस्तकाची व ओळखपत्राची नक्कल द्यावी लागते आणि गाडीला गोणपाट व पेंढा यांचा अंगरखा शिवावा लागतो. हें सर्व करावयास आमची ना नव्हती. परंतु पार्सलाच्या डब्यांत आपलें माणूस बरोबर जात नाहीं, आणि चढउतारांत गाडी कोणाच्या हातीं पडेल याचा नेम नाहीं. वहिनींनीं तें ऐकूनच मान हलविली. भाड्याचा टेंपो पाहिला, तर त्याची फळी छातीइतकी उंच, आणि चालकास त्याच दिवशीं दुसरें भाडें उरकावयाचें.

शेवटीं पुतण्यानें मार्ग काढला. दादांचा हा मुलगा नाशकांत अंबडच्या एका कारखान्यांत आहे. नाशकांत मातीच्या धावपट्टीवर मोटारसायकली पळविण्याचा शौक बराच आहे. राष्ट्रीय स्पर्धांच्या फेऱ्याही येथें झालेल्या आहेत. त्या शर्यतींच्या गाड्या रस्त्यावर चालविण्याच्या नसतात, म्हणून ते लोक त्या वाहूनच नेतात. अशा एका स्नेह्याचा ट्रेलर त्यानें मागून आणला. ट्रेलरलाही स्वतःची नोंदणी व स्वतःची पाटी लागते हें आम्हांस त्या दिवशीं कळलें. आमची समजूत अशी कीं बैलाला जोडलेल्या गाडीची वेगळी जन्मपत्रिका कशाला!

नवा समृद्धि महामार्ग सोडून जुना घाट कां धरला, असें वाचक विचारतील. ५ जून २०२५ रोजीं त्या मार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरांचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि नागपूरपासूनचा ७०१ किलोमीटरांचा रस्ता पुरा झाला. सह्याद्रीच्या पोटांतून जवळजवळ पावणेआठ किलोमीटरांचा बोगदा काढल्यामुळें घाट म्हणून कांहीं उरलेंच नाहीं. या मार्गावर दुचाकींस मज्जाव आहे. दुसऱ्याच्या पाठीवर बसलेली दुचाकी या मज्जावांत येते कीं नाहीं, हा प्रश्न मीमांसकांना आवडला असता. परंतु आमचें कारण साधें होतें. ज्या रस्त्यावर इतर गाड्या ताशीं शंभर-सव्वाशेंच्या वेगानें धांवतात तेथें चाळीस-पन्नासच्या गतीनें रांगणारा ट्रेलर म्हणजे सर्वांनाच संकट. आणि बोलून दाखविलें नाहीं तरी आणखीही एक कारण आम्हां दोघांच्या मनांत होतें. दादांची गाडी दादांच्या रस्त्यानें यावी.

बांधण्याचें काम आदल्या दिवशीं संध्याकाळीं केलें. त्यास दोन तास लागले आणि त्यांतील प्रत्येक घटका योग्य कारणीं लागली. प्रथम टाकी रिकामी केली आणि बॅटरी काढून घेतली. फळीवरून गाडी ढकलून वर चढविली आणि तिचें पुढचें चाक ट्रेलरच्या तोंडाशीं असलेल्या लोखंडी खोबणींत बसविलें. आम्ही सहज म्हणालों कीं आतां स्टँड लावावा. पुतण्या हंसला. "काका, स्टँडवर बांधली तर खड्ड्यांत आदळून स्टँड वांकेल, आणि एकदां तो वांकला कीं पट्टे सैल. गाडी आपल्या दोन चाकांवरच उभी पाहिजे." हँडलाच्या दोन्ही बाजूंनीं दोन पट्टे पुढें व खालीं ओढून असे आवळले कीं पुढचे शॉकअब्सॉर्बर निम्मे दाबले गेले. पुरते दाबूं नयेत, नाहीं तर आंतील तेल अडविणारीं जुनीं रबरें फुटतात. आणि मुळींच दाबले नाहींत तर पहिल्याच उसळीला गाडी उडते व पट्टा आंकड्यांतून निसटतो. मागच्या चाकास दोन पट्टे, दोन बाजूंस. जेथें पट्टा रंगाला टेकतो तेथें वहिनींच्या जुन्या लुगड्याच्या घड्या. हें लुगडें त्यांनींच आणून दिलें.

दोर कां नको, असें आम्हीं विचारलें, कारण आमच्या पिढीचा विश्वास दोरावर. त्याचें उत्तर ऐकण्यासारखें आहे, विशेषतः हिंवाळ्यांत सामान हलविणाऱ्यांनीं. तागाचा किंवा काथ्याचा दोर दंवानें भिजला म्हणजे आखडतो आणि उन्हांत वाळला म्हणजे सैल पडतो; नायलॉनचा दोर भिजला कीं उलट ताणला जातो. रात्रीं दंव आणि सकाळीं ऊन अशा पौषांतील प्रवासांत दोराची गांठ दोन वेळां खोटी ठरते. पॉलिएस्टरचे विणलेले पट्टे आणि त्यांचा दांतेरी खटका हे या दोन्ही दोषांपासून बरेचसे मुक्त आहेत. बरेचसेच, पूर्ण नव्हे, हें पुढें दिसून आलें.

मग भार कोठें ठेवावा हा विचार. दोन चाकांच्या ट्रेलरवर ओझें मागें सरकलें तर त्याचें तोंड वर उचलतें आणि तो शेंपटीसारखा डुलूं लागतो. वेग वाढला कीं हें डोलणें पुढची गाडीही उलथवूं शकतें. म्हणून एकूण भाराचा दशांश, किंवा त्याहून थोडा अधिक, जोडाच्या गोळ्यावर पडला पाहिजे. येझदीचें वजन सुमारें १४० किलो. ती वीतभर पुढें घेतांच जोड हवा तसा दबला. वाहन शब्दाच्या मुळाशीं वह् धातु आहे. जें वाहून नेतें तें वाहन. तेंच ओझें होऊन दुसऱ्याच्या जुंवास जोडलें गेलें म्हणजे व्याकरणाचीही पंचाईत होते. जूं काय आणि योग काय, दोन्हीं एकाच युज् धातूचीं लेकरें. जोडण्याचें काम योगाचें झालें, उरलें तें क्षेमाचें.

पहाटे तीनला निघालों. पुतण्यास दुपारपाळीस हजर व्हावयाचें होतें, आणि दिवसा मुंबईच्या गर्दींतून ट्रेलर काढणें म्हणजे लग्नघरांतून पिंप बाहेर काढणें. वहिनी रस्त्यापर्यंत आल्या, टाकीवर हात फिरविला आणि कांहीं न बोलतां मागें वळल्या. दादरास अंगांत साधा सदरा पुरत होता. भिवंडीची वळणें, पडघें, शहापूर मागें पडलें. पहिल्या पांच-सात मैलांवरच एकदां थांबून पट्टे चांचपले, कारण चाकें व स्प्रिंगा एकदां हलल्या म्हणजे प्रत्येक वस्तु आपापल्या जागीं बसते आणि पट्टा थोडा ढिला होतोच. खर्डीपाशीं कांच खालीं केली तों हवेनें गालफडांत चापट मारली.

कसाऱ्याहून चढ लागला. येथें चढण्याचा रस्ता वेगळा व उतरण्याचा वेगळा आहे, हें मोठेंच सुख. डावीउजवीकडे काळोख, कोठें तरी रूळांवरून मालगाडी चढत होती आणि तिचा दमेकऱ्यासारखा आवाज दरींत घुमत होता. या घाटांतील लोहमार्ग १८६५ सालीं सुरू झाला. सवा नऊ मैलांत तो ९७२ फूट चढतो, म्हणजे कांहीं ठिकाणीं सदतीस फुटांना एक फूट. आजही वर जाणाऱ्या गाड्यांना मागून आणखी इंजिनें लावून ढकलावें लागतें. रस्त्याची चढण याहून तीव्र. चढणीवर मोटारसायकल मागें ओढते, तो भार पुढच्या पट्ट्यांवर येतो. ब्रेक लावला कीं ती पुढें लोटते, तो भार खोबणीवर. वळणावर ती आडवी झुकते, तो मागच्या पट्ट्यांवर. आम्ही मागच्या कांचेंतून पाहत बसलों होतों. काळोखांत तिचा वाटोळा दिवा आमच्या मागच्या तांबड्या उजेडांत मधूनमधून चमके, आणि वळणावर ती झुकली कीं क्षणभर असा भास होई कीं कोणी तरी तिच्यावर बसून वळण घेत आहे.

अर्ध्या घाटांत धुकें लागलें. थळ घाटांतलें धुकें म्हटलें म्हणजे लोकांना पावसाळा आठवतो. हिंवाळ्याचें तें दाट पडदे लावीत नाहीं; तें तुकड्यातुकड्यांनीं येतें. एका वळणावर चांदणें, दुसऱ्या वळणावर गाडीचें नाकही दिसेनासें. पुतण्यानें दिवे खालीं पाडले. वरचा झोत धुक्यावर आपटून उलट आपल्याच डोळ्यांत येतो. रस्त्यावर दंवानें भिजलेली धूळ आणि ट्रकांतून गळालेलें तेल यांचा चिखल झाला होता. आम्ही ताशीं वीसच्या वर नव्हतों. आणि तेवढ्यांत समोर, दहा-बारा हातांवर, एक भिंत उभी राहिली.

ती पेंढ्यानें भरलेल्या ट्रकची पाठ होती. पेंढा दोन्ही बाजूंनीं व मागें इतका लोंबत होता कीं मागचे दिवे त्यांत बुडाले होते. ट्रक चढावर दम टाकून उभा होता. अशा वेळीं ब्रेक जोरानें दाबला तर ट्रेलर मागून ढकलतो आणि गाडीशीं काटकोनांत येऊं पाहतो. दाबला नाहीं तर समोर ट्रक. पुतण्यानें गियर खालीं घेतला, ब्रेक थोडा दाबला, सोडला, पुन्हां दाबला, आणि जीप ट्रकपासून हातभर अंतरावर थांबली. मागें वळून पाहिलें. मोटारसायकल जागेवर होती.

परंतु खरें भय पुढें नव्हतें, मागें होतें. आमच्या मागून येणाऱ्यास आधीं काय दिसणार? एक ट्रेलर आणि त्यावर दादांची गाडी. पुतण्यानें चारी कोपऱ्यांचे दिवे उघडझांप करीत लावले. आम्हीं शाल डोक्यास गुंडाळली, परावर्तक त्रिकोण व विजेरी घेतली आणि डोंगराच्या कडेनें पन्नास-साठ पावलें मागें गेलों. त्रिकोण मांडून आम्ही स्वतः गटाराच्या पलीकडे उभे राहिलों व विजेरी खालीं-वर करूं लागलों. दोन मोटारी आल्या, मंदावल्या, बाजूनें निघून गेल्या. मग एका टँकरचा आवाज खालच्या वळणावर ऐकूं आला. तो येत असतांना आमच्या मनांत वहिनींचें वाक्य होतें, आणि पुतण्या अजून जीपमध्यें बसला आहे याचीही जाणीव होती. या दोहोंत आधीं कशाची, हें सांगण्याची गरज नाहीं. टँकरवाल्यानें आमची विजेरी पाहिली, शिटी वाजविली, वेग मोडला आणि आमच्या मागें आपली अजस्र गाडी उभी करून तिचेही दिवे उघडझांप करीत लावले. आतां आमच्या पाठीशीं भिंत झाली. तो खालीं उतरला, मोटारसायकलीकडे निरखून म्हणाला, "येझदी? माझ्या मामाची होती." पेंढ्याचा ट्रक हलेपर्यंत पावणा तास गेला, तेवढ्या वेळांत त्यानें आपल्या मामाची सगळी हकीकत सांगितली. तो मूळचा जळगांवकडील.

घाटमाथ्यावर घाटनदेवीचें देऊळ आहे. वर आलेला प्रत्येक चालक तेथें हात जोडतो किंवा निदान मान लववितो. आम्हीं उतरून नमस्कार केला. इगतपुरींत पोंचलों तेव्हां पूर्वेस नुकतें फटफटत होतें आणि थंडी अशी कीं चहाचा पेला दोन्ही तळहातांत धरून बसावें. पुतण्या पट्टे पाहावयास गेला आणि त्यानें हांक मारली. पुढचे दोन्ही पट्टे बोटभर सैल झाले होते.

पट्ट्यांचा दोष नव्हता. थंडीनें हवा आकसते. तपमान दहा अंशांनीं उतरलें तर टायरमधील दाब दीड-दोन पौंडांनीं कमी होतो. ताज्या टायरचें त्यांत कांहीं बिघडत नाहीं. पण येझदीची पुढची ट्यूब अकरा वर्षें उभी राहून झिजलेली. दादरास भरलेली हवा झिरपत होतीच, तींत थंडीची भर पडली. चाक बसलें, त्याबरोबर गाडी बोटभर खालीं आली, आणि पट्टे तेवढेच ढिले पडले. घाटांतल्या त्या वळणावर ब्रेक एकदम दाबला असता तर हे पट्टे आंकड्यांत राहिले असते कीं नाहीं, हा विचार दोघांनींही केला, बोललों मात्र नाहीं. पायपंपानें हवा भरली, पट्टे दोन दांत आवळले, आणि सुटे राहिलेले शेव गुंडाळून बांधले. तेथून नाशिकपर्यंत दर पंधरा किलोमीटरांवर थांबावयाचें ठरलें.

घोटीपासून पुढें थंडीची तऱ्हा बदलते. घाटांतली थंडी ओली, पठारावरची कोरडी व धारदार. मात्र जेथें पाणी आहे तेथें सकाळीं धुकें साचतें. मुकण्याच्या धरणाच्या बाजूस तें दुधावरच्या सायीसारखें जमिनीला धरून बसलें होतें, वर कळसूबाईच्या रांगेचीं शिखरें कोवळ्या उन्हांत स्वच्छ. निरभ्र रात्रीं जमीन आपली उष्णता आकाशास देऊन टाकते व तिच्यालगतची दमट हवा थिजते, हें आम्ही शाळेंत वर्षानुवर्षें सांगत आलों. त्या धुक्यांतून शिकलेल्या नियमाप्रमाणें एक ट्रॅक्टर बाहेर आला. मागें ट्रॉली, ट्रॉलीस दिवा नाहीं, तांबडी पट्टीही नाहीं. नाशिक जिल्ह्यांत हे दिवस रांगड्या कांद्याचे, उंसाचे आणि द्राक्षांचे. निफाडकडे तर कडाक्याच्या रात्रीं बागाईतदार द्राक्षमण्यांना तडे जाऊं नयेत म्हणून बागांतून शेकोट्या पेटवितात. सर्व माल ट्रॉलींतून चालतो, आणि पहाटेच्या धुक्यांत चालतो, कारण बाजार पहाटेचाच. तांबडी परावर्तक पट्टी लावावयास किती पैसे पडतात? एका पोत्याच्या कांद्याहून कमी. दर हिंवाळ्यांत अशा ट्रॉलींवर मागून आदळलेल्या मोटारसायकलींच्या बातम्या वर्तमानपत्रांत येतात. साखर कारखाने व बाजारसमित्या दरसाल पट्ट्या लावण्याची मोहीम काढतात हें खरें. ती ज्या ट्रॉलीपर्यंत पोंचली नाहीं ती आम्हीं त्या दिवशीं पाहिली.

वाडीवऱ्हें, विल्होळी, आणि मग उजव्या हातास पांडवलेण्यांचा डोंगर. ऊन चढलें होतें. पुन्हां एकदां थांबून पट्टे पाहिले. ते ताठ होते. दादा येथेंच थांबून चष्मा पुशीत असत, असें पुतण्या म्हणाला.

पंचवटींत घरासमोर ट्रेलर आला तेव्हां साडेनऊ वाजले होते. आधीं मागचे पट्टे सोडले, मग पुढचे, दोन्ही बाजूंनीं एकदम, हळूहळू; एक बाजू आधीं सोडली तर गाडी दुसऱ्या बाजूस कलते. दाब सुटतांच तिचें पुढचें अंग चार बोटें वर उठलें. फळीवरून ती मागें घेत खालीं उतरविली. लुगड्याच्या घड्या काढून टाकी, कड्या, धुरांडीं सर्व उजेडांत पाहिलें. दंवाचे थेंब होते, घाटांतील चिखल होता, चरा नव्हता. पुतण्या अंगावरच्या कपड्यांनिशीं कामावर गेला.

आम्हीं वहिनींना दूरध्वनि केला. गाडी पोंचली, जशी दिली तशी, असें सांगितलें. त्या क्षणभर थांबल्या. मग विचारलें, "घाटांत धुकें होतें का हो, भाऊजी?"

"होतें," आम्ही म्हणालों.

"त्यांना नेहमींच लागायचें," त्या म्हणाल्या, आणि टाकी कोरड्या कापडानें पुसून ठेवावयास सांगून त्यांनीं दूरध्वनि ठेवला.